पत्त्याची उजवी बाजू

पत्रावर पत्ता लिहितांना हात थांबत नाहीं. माणसाचें नांव, घर, पेठ, गांव इतकें लिहिलें कीं पुढचें काम टपालखात्याचें, ही निश्चिंति पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें आलेली आहे. ई-मेलचा पत्ता लिहितांनाहि तीच निश्चिंति असते. '@' या चिन्हाच्या डाव्या बाजूला माणसाचें नांव, उजव्या बाजूला त्याच्या घराचें. डावी बाजू ज्याच्या त्याच्या घरीं ठरावी. तिच्याविषयीं फारसा वाद कधीं झाला नाहीं. उजव्या बाजूची गोष्ट निराळी. तेथें येणारें नांव कोणीं द्यावें, त्या नांवानें आलेलें पत्र कोणत्या यंत्राकडे न्यावें, तें आपलें आहे हें त्या यंत्रानें कसें ओळखावें, आणि त्या नांवानें पत्र धाडणारा खरोखरच त्या घरचा आहे हें कशावरून समजावें, या चार प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांत जवळजवळ अर्धें शतक गेलें. आज एखादा वकील, एखादी शाळा किंवा एखादा पुस्तकविक्रेता आपल्या नांवाचें डोमेन घेऊन पत्रांच्या सर्व्हरवर त्याची मांडणी करतो, तेव्हां तास-दोन तासांच्या त्या कामांत या चारहि प्रश्नांचा इतिहास सामावलेला असतो.

त्या इतिहासाचा आरंभ १९७१ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज या शहरीं झाला. बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या कंपनींत रे टॉमलिन्सन नांवाचे एक अभियंते काम करीत असत. अमेरिकन संरक्षणखात्याच्या पैशानें १९६९ सालीं सुरू झालेलें आर्पानेट हें संगणकांचें जाळें तेव्हां बाल्यावस्थेंत होतें. एकाच संगणकावर काम करणाऱ्यांनीं एकमेकांसाठीं निरोप ठेवून जाण्याची सोय त्यापूर्वींच झालेली होती. परंतु निरोप त्या यंत्राची भिंत ओलांडीत नसे. टॉमलिन्सन यांनीं निरोप लिहिण्याचा एक प्रोग्राम आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फाइल नेण्याचा दुसरा प्रोग्राम यांची सांगड घातली, आणि एकाच दालनांत असलेल्या दोन यंत्रांपैकीं एकावरून दुसऱ्यावर, आर्पानेटच्या मार्गानें, पत्र पाठविलें. माणसाचें नांव कोठें संपतें व यंत्राचें कोठें सुरू होतें हें दाखविण्यासाठीं त्यांना एक खूण हवी होती. व्यापारी हिशेबांत 'दर' दाखविण्याकरितां वापरलें जाणारें '@' हें चिन्ह टेलिटाइपच्या कळफलकावर होतें, आणि कोणाच्याहि नांवांत तें येत नसे. त्यांनीं तें उचललें. पहिल्या पत्रांत काय लिहिलें होतें हें पुढें त्यांना स्वतःलाहि आठवेना. खूण मात्र जगभर पसरली.

या पहिल्या पत्त्यांत उजवीकडचें नांव एका विशिष्ट यंत्राचें होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. यंत्र बदललें कीं पत्ता बदलला. यंत्रें थोडीं होतीं तोंवर त्याची अडचण कोणाला वाटली नाहीं. सगळ्या यंत्रांच्या नांवांची एक यादी कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती-केंद्रांत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालीं ठेवली जात असे. 'होस्ट्स' या नांवाच्या एका साध्या फाइलींत ती असे. नवें यंत्र जोडावयाचें म्हणजे त्या केंद्राला कळवावयाचें. केंद्रानें नांव यादींत चढवावयाचें. आणि मग जाळ्यांतील प्रत्येक यंत्रानें ती यादी पुन्हा उतरवून घ्यावयाची. पहिल्या प्रश्नाचें, म्हणजे नांव कोणीं द्यावें याचें, हें पहिलें उत्तर: एका कचेरीनें.

हें उत्तर सरळ होतें, पण तें वाढीला टिकणारें नव्हतें. १९८१ च्या ऑगस्टांत त्या यादींत २१३ यंत्रें होतीं; १९८४ च्या ऑक्टोबरांत १०२४ झालीं. यंत्रांची संख्या दसपट झाली कीं यादीची लांबी दसपट होते, आणि ती उतरवून घेणारेहि दसपट होतात. म्हणजे जाळ्यावरचा भार शंभरपट होतो. शिवाय एक नांव एकदांच देतां येत असे. एखाद्या विद्यापीठानें आपल्या यंत्राला एखाद्या देवतेचें नांव दिलें कीं साऱ्या जाळ्यांत तें नांव संपलें. एका गांवांत एकाच मुलाचें नांव गणेश ठेवावें, असा हा कायदा झाला.

त्याच सुमारास आर्पानेटच्या बाहेर दुसरींहि जाळीं उभीं राहत होतीं, आणि तेथें पत्त्याची कल्पनाच वेगळी होती. यूनिक्स यंत्रांच्या यूयूसीपी नांवाच्या जाळ्यांत कोणीहि मध्यवर्ती यादी ठेवीत नसे. रात्रीच्या वेळीं, टेलिफोनचे दर कमी असतांना, एक यंत्र दुसऱ्याला फोन करी व सांठलेलीं पत्रें त्याच्या हवालीं करी. तें तिसऱ्याला देई. म्हणून पत्त्यांत सगळी वाटच लिहावी लागे: पहिल्या यंत्राचें नांव, उद्गारचिन्ह, दुसऱ्याचें नांव, पुन्हा उद्गारचिन्ह, आणि सर्वांच्या शेवटीं माणसाचें नांव. 'मारुतीच्या देवळावरून डावीकडे, मग पिंपळाच्या पारापासून तिसरें घर' असा पत्ता सांगणाऱ्याची ही रीत. ती ओळखीच्या माणसाला उपयोगी पडते. पण ऐकणारा वेगळ्या दिशेनें येत असेल तर ती व्यर्थ. एकाच मनुष्याचे पत्ते लिहिणाऱ्याच्या ठिकाणाप्रमाणें निरनिराळे होत, आणि मधलें एक यंत्र बंद पडलें तर वाटच मोडे.

दोन्ही रीति एकाच पत्त्यांत एकत्र आल्या म्हणजे मोठा घोटाळा होई. 'क!ख@ग' असा पत्ता असेल तर पत्र प्रथम 'क' कडे न्यावयाचें कीं 'ग' कडे? आर्पानेटच्या रीतीनें वाचणारें यंत्र म्हणे 'ग' कडे. यूयूसीपीच्या रीतीनें वाचणारें म्हणे 'क' कडे. दोघेंहि आपापल्या व्याकरणाप्रमाणें बरोबर, आणि पत्र मात्र बेपत्ता.

हा घोटाळा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारांत रोजचा होता. कारण तेथें आर्पानेट, यूयूसीपी आणि विद्यापीठाचें घरगुती जाळें अशीं तीन जाळीं एकत्र येत. आर्पानेटची जोडणी एका प्रकल्पाच्या लहानशा यंत्रावर होती, आणि आपलें पत्र पाहावयास मिळावें म्हणून जो तो त्या यंत्रावर जागा मागे. एरिक ऑलमन या तरुणानें विचार केला कीं, माणसें यंत्राकडे येण्यापेक्षां पत्रेंच माणसांकडे गेलीं तर काय वाईट? एका जाळ्यांतील पत्र दुसऱ्यांत ढकलणारा त्यांचा पहिला प्रोग्राम बर्कलीच्या यूनिक्सबरोबर बाहेर पडला. पण त्याचे नियम प्रोग्रामांतच कोरलेले होते. परिस्थिति बदलली कीं सगळाच पुन्हा घडवावा लागे. म्हणून १९८३ सालीं त्यांनीं 'सेंडमेल' हा नवा प्रोग्राम दिला. त्यांत पत्ता कसा वाचावा, कसा पालटावा व कोणत्या वाटेनें धाडावा हे नियम एका वेगळ्या फाइलींत लिहून ठेवण्याची सोय होती. ती फाइल पुढें आपल्या दुर्बोधतेसाठीं कुप्रसिद्ध झाली; परंतु पत्रांच्या सर्व्हरची मांडणी हें प्रोग्राम लिहिण्याहून वेगळें असें काम आहे, ही समजूत तिनेंच रूढ केली.

पत्ता म्हणजे वाट नव्हे, पत्ता म्हणजे नांव, असा निर्णय १९८२ च्या ११ जानेवारीला झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेंत संगणकी पत्रांच्या पत्त्यांविषयीं एक बैठक भरली. तिचा वृत्तान्त जॉन पोस्टेल यांनीं फेब्रुवारींत प्रसिद्ध केला. 'माणूस@यंत्र' या रूपाचा विस्तार करून 'माणूस@यंत्र.डोमेन' असें रूप घ्यावें, आणि डोमेनांतहि थरावर थर असावेत, असें त्या बैठकींत ठरलें. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत पोस्टेल यांनीं पत्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याची एसएमटीपी ही सनद लिहिली, आणि डेव्हिड क्रॉकर यांनीं पत्राचा मायना व मथळे कसे असावेत याचे नियम प्रसिद्ध केले. अनेक दुरुस्त्या होऊनहि या दोन लेखांचा सांगाडा आजतागायत चालू आहे.

ठरलेली गोष्ट प्रत्यक्षांत आणण्याचें काम त्याच संस्थेंतील पॉल मॉकापेट्रिस यांच्याकडे आलें. १९८३ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं डोमेन-नांवांच्या व्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य विचार वतनदारीच्या विचारासारखा आहे. सगळीं नांवें एका कचेरीनें न देतां मुळाच्या कचेरीनें फक्त वरचे थोडे विभाग करावेत. विभागानें आपल्या आंतील नांवें वांटावीत. नांव मिळालेल्या संस्थेनें त्याखालचीं नांवें आपल्या मर्जीनें द्यावींत आणि त्यांची नोंदवहीहि स्वतःच ठेवावी. १९८४ सालीं व्यापार, शिक्षण, सरकार, लष्कर व इतर संस्था यांचे विभाग आणि प्रत्येक देशाचें दोन अक्षरी नांव मुक्रर झालें. 'कॉम' या विभागांतील पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं सिम्बॉलिक्स या कंपनीनें घेतलें. गणेश नांवाचीं मुलें आतां प्रत्येक घरांत असूं शकत होतीं. कारण आडनांवें आलीं होतीं.

तरी दुसरा प्रश्न उरलाच होता. नांव एका संस्थेचें झालें; पण त्या नांवाचें पत्र न्यावयाचें कोणत्या यंत्राकडे? मॉकापेट्रिस यांच्या पहिल्या आराखड्यांत यासाठीं दोन प्रकारच्या नोंदी होत्या. त्यांचा नीट मेळ बसेना. १९८६ च्या जानेवारींत क्रेग पार्ट्रिज यांनीं त्यांच्या जागीं एकच नोंद कशी वापरावी हें लिहिलें. तिला 'एमएक्स' म्हणतात. तिचा अर्थ, 'अमुक नांवाचीं पत्रें तमुक यंत्राच्या मार्फत' एवढाच आहे. प्रत्येक नोंदीला एक अंक असतो. लहान अंकाचें यंत्र आधीं, तें न मिळाल्यास मोठ्या अंकाचें. एकहि यंत्र जागेवर नसेल तर पाठविणाऱ्यानें पत्र आपल्याजवळ ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. निदान चार-पांच दिवस तरी आशा सोडूं नये, असा दंडक आहे.

लहानशी दिसणारी ही नोंद सगळ्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचें पाऊल होय. तिच्यामुळें नांव आणि यंत्र यांची ताटातूट झाली. ज्याचें स्वतःचें यंत्र जाळ्याला जोडलेलेंच नाहीं अशा संस्थेलाहि आतां आपलें नांव मिरवितां येऊं लागलें. तिचीं पत्रें शेजारच्या विद्यापीठानें घ्यावींत व रात्रीं फोनवरून पोंचवावींत. यंत्र जुनें झालें तर नोंद बदलावी. जगांतील कोणालाहि नवा पत्ता कळविण्याची गरज नाहीं. आर्पानेट, यूयूसीपी, बिटनेट हीं भिन्न जाळीं एका पत्त्याखालीं आलीं तीं याच सोयीमुळें. १९८७ च्या डिसेंबरांत जोडलेल्या यंत्रांची संख्या २८,१७४ झाली होती. मेन्लो पार्कच्या एका फाइलीला तें ओझें पेललें नसतें.

भारतांत हा काळ 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या जन्माचा आहे. केंद्र सरकारचें इलेक्ट्रॉनिक्स खातें व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्यानें १९८६ सालीं तें सुरू झालें. त्यांतील पहिलीं पत्रें मुंबईच्याच दोन उपनगरांमध्यें, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील आयआयटी यांच्यामध्यें, साध्या टेलिफोनच्या तारेवरून व यूयूसीपीच्या रीतीनें गेलीं. देशाचें 'इन' हें नांव ८ मे १९८९ रोजीं नोंदलें गेलें, आणि पुढें अनेक वर्षें त्याची वही जुहूच्या त्या केंद्रांत राहिली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांना खुलें केलें. त्या पहिल्या ग्राहकांच्या पत्त्यांत उजव्या बाजूला आरंभींच 'जीआयएएसबीएम०१' असें एक अवघड नांव येई. त्यांतील 'बीएम' म्हणजे बॉम्बे आणि '०१' म्हणजे पहिलें यंत्र. पुण्याच्या ग्राहकाच्या पत्त्यांत तेथें 'पीएन' येई. १९७१ चीच चूक ही: पत्त्यांत यंत्र आणि गांव कोरलेलें. ज्यांनीं ते पत्ते आपल्या कागदांवर व पाट्यांवर छापले, त्यांना पुढें ते बदलावे लागले. २००५ पासून 'इन' खालील नांवें सर्वांना सुलभपणें मिळूं लागलीं, आणि घरोघरच्या व्यवसायांना आपलें नांव घेण्याची वाट मोकळी झाली.

एका नांवाला एक यंत्र ही जोडी सुटल्यावर उलट गोष्टहि शक्य झाली: एका यंत्रावर शेंकडों नांवें. डॅनियल बर्नस्टाइन यांचा 'क्यूमेल' आणि १९९८ च्या अखेरीस वीत्से वेनेमा यांनीं आयबीएममध्यें असतांना प्रसिद्ध केलेला 'पोस्टफिक्स' या प्रोग्रामांनीं ही मांडणी पुष्कळ सोपी केली. येथें तिसरा प्रश्न येतो: पत्र आपलें आहे हें सर्व्हरनें कसें ओळखावें? त्यासाठीं सर्व्हरजवळ स्वतःची एक यादी असते. ज्या डोमेनांचीं पत्रें त्यानें घरांत घ्यावयाचीं, त्यांची. बाहेरची एमएक्स-नोंद आणि आंतली ही यादी यांचें एकमत हवें. नोंद या यंत्राकडे बोट दाखवीत असेल, पण यादींत तें नांव नसेल, तर पत्र दाराशीं येऊन परत जातें, किंवा यंत्र तें स्वतःलाच पुन्हा धाडूं पाहतें व फेऱ्यांत सांपडतें. याच्या उलट, नोंद दुसऱ्या यंत्राकडे गेलेली असून जुन्या यंत्राच्या यादींत तें नांव तसेंच राहिलें असेल, तर त्याच यंत्रावरच्या शेजाऱ्यांनीं लिहिलेलीं पत्रें जुन्याच पेटींत पडत राहतात. बाहेरचीं सगळीं पत्रें पोंचतात, शेजाऱ्याचींच तेवढीं पोंचत नाहींत, हें कोडें बहुधा याच विसरभोळेपणाचें असतें.

चौथा प्रश्न विश्वासाचा. १९८२ च्या सनदेंत पाठविणारा जें नांव सांगेल तें खरें मानलें जाई. कोणत्याहि यंत्रानें कोणाचेंहि पत्र पुढें नेऊन देणें हा शेजारधर्म समजला जाई. वाटा तुटक असण्याच्या त्या दिवसांत तो धर्म आवश्यकच होता. पण १९७८ च्या मे महिन्यांतच एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्यानें सुमारें चारशें जणांना न मागितलेली जाहिरात पाठवून पुढच्या काळाची चुणूक दाखविली होती. १९८८ च्या २ नोव्हेंबरला सेंडमेलमधील एका उघड्या फटींतून, आणखीहि दुसऱ्या फटींतून, एक प्रोग्राम स्वतःच्या प्रती काढीत हजारों यंत्रांत शिरला. १९९० नंतरच्या दशकांत तर जाहिरातींचे व फसवणुकीचे लोंढे दुसऱ्याच्या नांवानें, तिसऱ्याच्या यंत्रामार्फत वाहूं लागले. शेजारधर्म पाळणारीं यंत्रेंच दोषी ठरूं लागलीं, आणि परक्याचें पत्र परक्याकडे न नेणें हा सर्व्हरचा पहिला नियम झाला.

मग नांवाच्या मालकानें पुरावा द्यावा अशी रीत आली. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एसपीएफ या नियमानें डोमेनाचा मालक आपल्या नोंदवहींत जाहीर करतो कीं, माझ्या नांवानें अमुक यंत्रेंच पत्रें धाडतील. २००७ सालच्या डीकेआयएम या नियमानें प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीची मोहोर उठविली जाते व तिचा पडताळा पाहण्याची उघडी किल्ली नोंदवहींत ठेवली जाते. २०१५ सालच्या डीएमएआरसी या लेखानें, वाचणाऱ्याला दिसणारें नांव आणि हा पुरावा यांचा मेळ नसेल तर पत्राचें काय करावें, हें मालकानें सांगण्याची सोय केली. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल व याहू यांनीं मोठ्या संख्येनें पत्रें धाडणाऱ्यांवर हे तिन्ही नियम सक्तीचे केले. म्हणून आज डोमेनाची मांडणी करणाऱ्याला पत्र येण्याची व्यवस्था थोड्या वेळांत साधते. आपलें गेलेलें पत्र खरें मानलें जावें यासाठींच अधिक खटपट करावी लागते.

या सक्तीची एक बाजू चिंतेची आहे. जगांतील बहुसंख्य पत्रपेट्या आतां थोड्या मोठ्या कंपन्यांच्या घरांत आहेत. लहान संस्थेनें स्वतः चालविलेल्या सर्व्हरचें पत्र त्यांनीं स्वीकारावें कीं संशयितांच्या ढिगांत टाकावें, हें त्याच ठरवितात. पुष्कळ संस्थांनीं आपलीं यंत्रें बंद करून याच कंपन्यांच्या घरांत बिऱ्हाड केलें आहे. तरीहि १९८६ ची ती लहानशी नोंद येथें उपयोगी पडते. ज्याचा पत्ता कंपनीच्याच नांवानें संपतो, तो भाडेकरू. कंपनीनें दार लावलें कीं त्याचें नांवहि आंतच राहतें. ज्याचें डोमेन स्वतःचें आहे, तो नोंद बदलतो आणि नांव घेऊन दुसऱ्या घरीं जातो. मात्र हें वतन वंशपरंपरेचें नव्हे. मुदतींत शुल्क भरून तें चालू ठेवावें लागतें. विसर पडला तर परका मनुष्य तेंच नांव घेतो, आणि मग जुन्या ओळखीच्या लोकांचीं पत्रें, बँकेच्या सूचनांसुद्धां, त्याच्या पेटींत जाऊं लागतात. अनेक वर्षें वापरून मग सोडून दिलेलें नांव म्हणजे किल्लीसकट सोडलेलें घर होय.

उजवी बाजू आतां देवनागरींतहि लिहितां येते. '@' च्या दोन्ही बाजूंना कोणतीहि लिपि असावी यासाठीं लागणारे पत्रांचे नियम २०१२ सालीं प्रसिद्ध झाले, आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजीं '.भारत' हा विभाग देवनागरींत खुला झाला. त्याच्या भाषांत मराठी व कोंकणी आहेत. परंतु पत्र ज्या ज्या यंत्रांतून जावयाचें त्या प्रत्येकाला ते नियम ठाऊक असावे लागतात. वाटेंतील एक जरी अडाणी निघालें तरी पत्र अडतें. म्हणून हें नांव घेणारा अद्याप बहुधा रोमन लिपींतलें एक नांवहि जवळ बाळगतो.

नव्या डोमेनाच्या मांडणींत सर्वांत जुना एक नियम मात्र अजून पाळावयाचा असतो, आणि तोच पुष्कळदां राहून जातो. १९८२ च्या नियमांप्रमाणें पत्रें घेणाऱ्या प्रत्येक घरांत 'पोस्टमास्टर' या नांवाची एक पेटी असलीच पाहिजे, आणि तिच्यांत आलेलें पत्र कोणीतरी माणसानें वाचलें पाहिजे. पत्र हरवलें, कोणी त्या घराच्या नांवाचा गैरउपयोग केला, वाट चुकली, तर तक्रार करावी कोणाकडे, याचें उत्तर नियम लिहिणाऱ्यांनीं यंत्रावर सोंपविलें नाहीं. ज्यानें उजव्या बाजूचें नांव घेतलें, त्यानें त्या नांवाबद्दल उत्तर देणारा माणूसहि ठेवावा, अशी ती अट आहे.